घोड्याच्या गाण्याची शेवटची ओळ

निबिया कानेसाला गंभीर चेहरा करता येत नाही. माँतेविदेओच्या ला तेहा वस्तीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मयताच्या घरी तिच्या शेजारी उभं राहायला कोणी धजत नाही. ती कुणाचं वाईट बोलत नाही. हळूच, ओठ न हलवता, गेलेल्या माणसाबद्दल काहीतरी असं खरं बोलते की शेजारच्याला रुमाल तोंडात कोंबून बाहेर पळावं लागतं. बाहेर पळालेल्याला लोक हळवा समजतात. वस्तीतल्या निम्म्या पुरुषांचं हळवेपणाचं नाव निबियामुळे झालेलं आहे.

धंदा तिचा शिवणकामाचा. कार्निव्हलच्या फडांचे झगे, टिकल्या लावलेल्या टोप्या, खांद्यावरची पिसं, सगळं तिच्या मशीनखालून जातं. गाणी लिहिणं हा तिचा नाद, आणि या नादापायीच तिचं आयुष्य एकदा उलटंपालटं झालं. आमच्याकडे उन्हाळ्यात, फेब्रुवारीच्या सुमाराला, फड तोंडं रंगवून मंचावर चढतात आणि वर्षभरात ज्याने ज्याने लोकांना पिडलं त्याची खरडपट्टी काढतात. सगळ्यांच्या ओठावरची एखादी चाल घ्यायची, तिच्यावर आपले शब्द चढवायचे आणि मागे ढोल बडवायचा. ला तेहाचा फड निबियाच्या थोरल्या भावाने, एल्बियोने, काढला. फडाचं नाव ‘उशिरा आलेले’. एल्बियो कुठेही वेळेवर पोचत नसे, तेव्हा नावाबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

सरकारशी भांडण झालं ते घोड्यावरून. सेवेरो नावाचा दूधवाला होता, त्याच्या गाडीला एक म्हातारा तांबडा घोडा. घोड्याचं नाव ‘कर्नल’. का, तर तो प्रत्येक दारासमोर छाती काढून उभा राही आणि काम दुसराच करी. तर एका सकाळी हा घोडा गाडी सोडून चालता झाला, आणि सगळ्या गल्लीने त्याला आळीपाळीने आपापल्या परसात लपवून ठेवलं. निबियाने यावर गाणं लिहिलं. तिचं वय तेव्हा बाविशीच्या आसपास, आणि देशावर फौजेचं राज्य. गाणी आधी कचेरीत दाखवून शिक्का घ्यावा लागे. कचेरीतल्या माणसाने विचारलं, घोड्याचं नाव कर्नल कशावरून ठेवलं? एल्बियो म्हणाला, “साहेब, आम्ही नाही ठेवलं. घोडा आमच्याआधीपासून त्या हुद्द्यावर आहे. पाहिजे तर येऊन त्यालाच विचारा.”

सगळ्या कानेसांची ही खोड. जीभ सुटली की तिला आवरणारं कुणी नाही.

घोड्याला विचारायला कुणी आलं नाही. वस्तीच्या क्लबाच्या मागच्या खोलीत तालीम चालू असताना शिपाई आले आणि भावाबहिणीला घेऊन गेले. शहराबाहेरच्या एका छावणीत दोघांना ठेवलं. डोक्यावर सदा पोतं, हात मागे बांधलेले. तिथे जे केलं जायचं ते निबियाने एकदाच, कोर्टासमोर, सांगितलं. आपण ते पुन्हा उगाळायला नको. शेजारच्या कोठडीतून एल्बियोचा खोकला येई. त्यावरून तिला कळे की आहे, अजून आहे. मग एके दिवशी खोकला ऐकू येईनासा झाला. निबिया आजही हे सांगताना हसत नाही.

हे सगळं चालवणारा जो माणूस, त्याचा चेहरा तिने कधी पाहिला नाही. आवाज मात्र ऐकला. नाकातून येणारा, किनरा, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. शिपाई त्याला कॅप्टन बेलोकी म्हणत. या बेलोकीला कार्निव्हलचं वेड होतं. काम आटोपलं की तो खुर्ची ओढून बसायचा आणि निबियाला ते घोड्याचं गाणं म्हणायला लावायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वर टीका करायचा. इथे दम कमी पडतो, तिथे शब्द जास्त झाला. एकदा म्हणाला, शेवटची ओळ मिळमिळीत आहे, आणि स्वतःची एक ओळ घालून दिली. ती त्याने तिच्याकडून पुन्हापुन्हा म्हणवून घेतली. स्वतःच्या ओळीवर तो फार खूश होता.

ही ओळीची गोष्ट निबियाने बाहेर आल्यावर कुणाला सांगितली नाही. माणसांना मारणारा माणूस यमकावर चर्चा करतो, हे खरं कोण मानणार? आणि तिलाही ती ओळ पुन्हा तोंडात घ्यायची नव्हती.

पुढे फौज गेली, निवडणुका आल्या, फड पुन्हा मंचावर चढले. पण असा एक कायदा झाला की जुन्या साहेबांना हात लावायचा नाही. बेलोकी तरीही सावध माणूस. आजोबांच्या कागदांवर त्याने इटलीचा पासपोर्ट मिळवला आणि तिकडे समुद्रकाठच्या एका गावात ऑलिव्हची झाडं लावून राहिला. गावातले लोक त्याला कौतुकाने ‘कप्तान’ म्हणत. त्यांना वाटायचं बोटीवरचा.

पण आजोबा काही एकट्या बेलोकीलाच नव्हते. कानेसांचे आजोबाही जेनोवाहून आलेले, आणि एल्बियोच्या नावावर तिकडचे कागद होते. म्हणजे तो इटलीचाही नागरिक, आणि त्याला मारणारा इटलीतच राहतोय. रोमच्या कोर्टाने खटला उभा केला. आजोबा पोटासाठी समुद्र ओलांडून इकडे आले, नातवाचा खटला तोच समुद्र ओलांडून तिकडे गेला.

बेलोकीचं म्हणणं साधं होतं. मी त्या छावणीत कधी नव्हतोच, त्या वर्षी मी उत्तरेला सरहद्दीवर होतो. फौजेचे त्या वर्षाचे कागद नेमके गहाळ. त्या छावणीतून जिवंत सुटलेल्यांपैकी आता निबिया एकटीच उरली होती, आणि तिनेही चेहरा पाहिलेला नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेला एक आवाज, एवढाच काय तो पुरावा.

रोमहून फेदेरिका नावाची वकीलबाई माँतेविदेओला आली. तरुण, हुशार, आपली भाषा फडाफडा बोलणारी. साक्षीची तयारी करून घ्यायची होती. निबियाने तिला क्लबात बोलावलं, कारण तालीम म्हटली की क्लब. तिथे आधीच कोर्ट भरलेलं होतं. फडाचा ढोलवाला वाल्देमार, तेलाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, खिडकीचा काळा पडदा अंगावर घेऊन आरोपीचा वकील झाला होता. क्लबाचं स्वयंपाकघर सांभाळणारी तेल्मा, निबियाची लहानपणापासूनची मैत्रीण, हातात डाव घेऊन न्यायाधीशाच्या जागी बसली होती. टेबलावर हरभऱ्याच्या पिठाची गरम फाइना, आणि माते नावाच्या हिरव्या पाल्याच्या कडू काढ्याचा तुंबा हातोहात फिरत होता.

“बाई, तुमच्या डोक्यावर टोपडं होतं ना?” वाल्देमारने खाकरून सुरुवात केली.

“टोपडं बाळांना घालतात. माझ्या डोक्यावर पोतं होतं.”

“म्हणजे तुम्हाला काही दिसत नव्हतं.”

“नव्हतं. तुझ्या बायकोच्या तोंडावर लग्नात जाळी होती, तिलाही दिसत नव्हतं. पण आवाजावरून ओळखून तिने तेव्हाच ‘नको’ म्हणायला हवं होतं.”

तेल्माने टेबलावर डाव आपटला. “साक्षीदाराने वकिलाच्या बायकोला मध्ये ओढू नये. ती संध्याकाळी इथेच येणार आहे.”

“मग तिलाही साक्षीला बोलवा,” निबिया म्हणाली. “तिने माझ्यापेक्षा जास्त वर्षं सोसलंय.”

सगळा क्लब हसला. वाल्देमारचा पडदा खांद्यावरून घसरला. फेदेरिका तेवढी हसली नाही. तिने हातातली फाइना खाली ठेवली.

“निबियाबाई, रोममध्ये असं बोललात तर आपण हरलो. त्यांचा वकील काय म्हणेल सांगू? या बाईला सगळ्याची गंमत वाटते, म्हणजे हिच्यावर फार काही गुदरलेलं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं. विनोद नाही. आणि कृपा करून गाणं तर मुळीच नाही.”

“आणि हसू आलं तर?”

“गाल चावा.”

“या वयात? माझे दात काढायचे-घालायचे आहेत. कोर्टाच्या हातात येतील.”

फेदेरिकाने कपाळाला हात लावला. तिची चूक नव्हती. पोरगी महिनोन् महिने राबली होती आणि तिचा सगळा खटला या वात्रट म्हातारीच्या जिभेवर येऊन बसला होता.

मंडळी पांगल्यावर तेल्माने भांडी विसळताविसळता विचारलं, “जमेल ना गं तुला? थोडा वेळ तरी?”

“कोण जाणे.”

“एल्बियोसाठी तरी.”

“त्याचीच तर अडचण आहे,” निबिया म्हणाली. “मी गंभीर झाले ना तेल्मा, की मला त्याचा खोकला ऐकू येतो. म्हणून मी होत नाही. तुम्हाला वाटतं मला मजा येते.”

तेल्माने हात पुसले, तुंबा पुन्हा भरला आणि तिच्यापुढे धरला. दुसरं काय करणार? तिनेही एल्बियोवर जीव टाकला होता एके काळी. हे वस्तीत सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही.

रोमला दोघी मिळून गेल्या. निबियाने एका काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि दुसऱ्या हातात तुंबा घेतला, जशी ती घरून कोपऱ्यावरच्या बेकरीत जाते तशीच. कोर्टाच्या दारात पहारेकऱ्याने तिला अडवलं. त्याने तुंब्यातला हिरवा पाला हुंगला, थर्मास हलवून पाहिला, वरच्या साहेबाला हाक मारली.

“हे काय आहे?” फेदेरिकामार्फत साहेबाने विचारलं.

“त्याला सांग, हे नसलं तर आमच्याकडे माणूस खरं बोलत नाही.”

“मी ते सांगणार नाही,” फेदेरिका म्हणाली. “निबियाबाई, आजपासून सुरुवात करा. गाल.”

थर्मास आणि तुंबा दारातच राहिले. निबिया मोकळ्या हातांनी आत गेली. तेल्मा सांगते की तिला आयुष्यात पहिल्यांदा काखेत थर्मास नसलेली निबिया दिसली, आणि ती एकदम लहान वाटली.

बेलोकी आपल्या वकिलाशेजारी बसला होता. चापूनचोपून बसवलेले पांढरे केस, उत्तम सूट, हात मांडीवर. खटला सुरू झाल्यापासून त्याने एक अक्षर काढलेलं नव्हतं. त्याच्या वकिलाने त्याला तशी ताकीदच दिली होती. तोच शहाणपणा होता. सगळा खटला ज्या आवाजावर उभा, तो आवाज कोर्टाने ऐकूच नये. निबियाने त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे हा. रस्त्यात भेटला असता तर तिने त्याला वाट करून दिली असती.

निबियाने साक्ष दिली. विचारलं तेवढंच सांगितलं. खोकल्यापर्यंत आली तेव्हा थांबली. चष्मेवाल्या न्यायाधीशबाईंनी पाणी पुढे करायला लावलं. ती प्यायली आणि पुढे बोलली. एकही विनोद केला नाही. मागच्या बाकावर तेल्मा मुठी आवळून बसली होती. निबियाला इतकं सरळ बोलताना पाहून तिला रडूच कोसळलं.

मग आरोपीचा वकील उठला. माणूस सभ्य, आवाज लोण्यासारखा.

“तुम्हाला चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज आठवतो म्हणता. तुमच्या जबाबात आहे की तो अधिकारी तुम्हाला गाणं म्हणायला लावायचा.”

“हो.”

“ते गाणं आठवतं?”

“आठवतं. मीच लिहिलंय.”

“लिहिलेलं माणूस विसरतोच की. म्हणून दाखवता? तुमची आठवण किती पक्की आहे ते कोर्टालाही कळू दे.”

फेदेरिका हरकत घ्यायला उठली. न्यायाधीशबाईंनी तिला बसवलं. त्यांनाही ऐकायचं असावं. निबियाने फेदेरिकाकडे पाहिलं, आणि त्या नजरेचा अर्थ एवढाच होता की बघ बाई, मी काही केलेलं नाही, मला विचारलंय.

आणि मग तिने गायला सुरुवात केली. आवाज आता घोगरा झालाय, पण ताल पक्का. घोडा गाडी सोडून कसा निघाला, सेवेरोने स्वतःच गाडी कशी ओढली, पाद्रीबाबांनी घोड्याला घंटाघरात कसं लपवलं आणि घोडा वेळ नसताना घंटा कशी वाजवत राहिला. दुभाषी मुलगी कुजबुजत अर्थ सांगत होती. दुसऱ्या कडव्याला तिला हसू फुटलं. तिसऱ्याला एक पोलीस पायाने ठेका धरू लागला. तेल्माची बोटं बाकावर ढोल वाजवत होती. त्या उंच छताच्या थंड दालनात ला तेहाची गल्ली उतरली, आणि निबिया शेवटच्या कडव्याला आली.

“हिरवी हिरवी वैरण आणा, सोडा सगळं काम,
घोडा येईल परत घरी, पुसा त्याचा घाम.”

 शेवटचा शब्द विरतो न विरतो तोच बेलोकीने मान हलवली, जशी जाणकार श्रोता बेसूर झालेल्या गवयाकडे बघून हलवतो. मग तो बोलला. मोठ्याने नाही. नाकातून, किनऱ्या आवाजात, शेवटचा शब्द वर चढवत.

“चुकली. शेवट तो नाही. ‘तयार ठेवा लगाम.’ मी तेव्हाच बदलून दिलं होतं हिला.”

वकिलाने त्याची बाही धरली, पण तोवर ओळ तोंडातून गेली होती. असं फक्त आमच्याकडचाच माणूस करू जाणे. इतकी वर्षं जीभ दाताखाली धरली, मूळ गाव सोडलं, ऑलिव्ह लावले, आणि स्वतःच्या ओळीजागी दुसऱ्याची ओळ ऐकू आल्यावर कार्निव्हलवाल्याला काही राहवलं नाही.

“आरोपी काय म्हणाले?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

दुभाषी मुलीने एकदा त्याच्याकडे, एकदा निबियाकडे पाहिलं. मग शब्दाला शब्द लावून सांगितलं.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. “हे गाणं कुठे सादर झालं होतं?”

“कुठेच नाही,” निबिया म्हणाली. “तालमीतूनच आम्हाला उचललं. सुटून आल्यावर मी क्लबात म्हणते कधीमधी, पण शेवट हाच, माझा.”

“मग तो लगाम कुठून आला?”

“त्या खोलीतून. त्यांनी तिथे घालून दिला आणि माझ्याकडून म्हणवून घेतला. तेव्हा मी म्हटला. माझा भाऊ गेल्यानंतर नाही म्हटला. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.” तिने पाण्याचा पेला बाजूला सरकवला. “मला वाटलं, कोण विश्वास ठेवणार.”

“आणि गाण्याची बरोबर ओळ कोणती?”

“माझी, न्यायाधीशबाई. ती दुसरी त्यांची.”

फेदेरिकाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. ती हसतेय की रडतेय हे मागून तेल्माला कळेना.

बाहेर आल्यावर पहारेकऱ्याने थर्मास आणि तुंबा अदबीने परत केला. आतली बातमी त्याच्यापर्यंत पोचली असावी. पाणी पार निवलं होतं. दोघी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसल्या आणि तो गारढोण कडू काढा प्याल्या. घरी असतं तर कुत्र्यालाही दिला नसता. निबिया मग खूप रडली, तोंड उघडं टाकून, लहान मुलीसारखी. जाणारेयेणारे बघत होते. तेल्मा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि बघणाऱ्यांना ला तेहाच्या भाषेत शिव्या देत राहिली.

निकाल पुढच्या वर्षी लागला. क्लबात सगळी वस्ती जमली होती. टेबलावर वाल्देमारचा फोन, आणि फोनमध्ये फेदेरिकाचा आवाज. तिने सांगितलं, जन्मठेप. निकालपत्रात न्यायाधीशबाईंनी एक अख्खं पान त्या ओळीला दिलंय, असंही सांगितलं. वाल्देमारने ढोलावर असा दणका दिला की भिंतीवरचा फुटबॉलच्या संघाचा जुना फोटो खाली आला. तेल्माने सगळ्यांना ग्राप्पाची दारू ओतली, स्वतःला जरा जास्त. निबिया खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, जिथे एल्बियो तालमीला उशिरा आला की बाहेरून टकटक करायचा. 

मग ती वळली. डोळे लाल, पण ओठाचा कोपरा हललेला. वस्तीला हायसं वाटलं.

वाल्देमारला तेवढंच हवं होतं. “निबिया, आता खटला संपला. खरं सांग. ओळ म्हणून चांगली कुणाची?”

“वाल्देमार, तुला लाज आहे का?” तेल्मा म्हणाली.

“थांब, विचारू दे त्याला.” निबियाने तुंब्यातून एक घोट ओढला. गाण्याच्या बाबतीत ती खोटं बोलत नाही. तिची हीच एक गंभीर बाब आहे. “त्याची वाईट नव्हती. ठसक्यात बसते. माझ्या फडातल्या कुणी लिहिली असती तर मी कदाचित ठेवली असती.”

 कुणाला हे ऐकायचं नव्हतं.

“मग एवढी वर्षं बिचाऱ्याच्या जिवाला काय वाटलं असेल,” ती म्हणाली. “एवढी चांगली ओळ, आणि खाली नाव लावायची सोय नाही. आता लागलं ना त्याचं नाव. कोर्टाने शिक्का मारून लावलंय.”